पहिलं बक्षीस जेसीबी

बैल पळू शकतो का, हे शोधून काढायला महाराष्ट्र सरकारने समिती नेमली होती. थट्टा नाही. जाणकार बसले, बैलाच्या पळण्याच्या क्षमतेचा रीतसर अभ्यास झाला, अहवाल तयार झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. निष्कर्ष असा की बैल पळतो. आमच्या पाटसच्या एसटी थांब्यावर बसलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याने हे एका चहावर सांगितलं असतं, आणि लहानपणी कुणाचा मारका बैल आपल्यामागे कुठवर पळाला होता तेही वर फुकट सांगितलं असतं.

समिती तशी उगाच नव्हती. ७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकीचंद्र घोष यांनी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घोड्याची घडण पळण्यासाठी आहे, बैलाची नाही; त्याला शर्यतीत पळवायचं तर भीती नाहीतर वेदना लागते. आता हे खोडायचं तर बैलाच्या तंगड्या तपासणं आलंच. त्या तपासल्या. बैलाला पळायचं आहे का, एवढी एक बाब समितीकडे सोपवायची राहून गेली.

घाटातला गाडा अकरा-बारा सेकंदांत वर जातो. कोर्टातली बारी बारा वर्षं चालली. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने ज्यांचे खेळ करता येणार नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकडाच्या पंगतीला बैल आणून बसवला. इतक्या मानाच्या पंगतीत त्याला पोळ्यालाही कुणी बसवलं नव्हतं. मग २०१४ ची बंदी. ७ जानेवारी २०१६ ला केंद्रानेच सूट दिली, पाच दिवसांत स्थगिती आली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कासरा ओढला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरता सोडला, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे मान्य केले. अमुक गोष्ट संस्कृतीत बसते का, हे ठरवायचं काम विधिमंडळाचं, असं न्यायालय म्हणालं. विधिमंडळाने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. एरवी शेतमालाच्या भावावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सत्ताधारी आणि विरोधक या एका जुवाखाली किती गुण्यागोविंदाने चालले, ते बघण्यासारखं होतं. बैलाला मत नसतं. मालकाला असतं, मालकाच्या भावकीला असतं, आणि घाटावर दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या पोरांना पहिल्यांदाच मिळालेलं असतं.

म्हणून तर ऑगस्ट २०२१ मध्ये, बंदी असताना, पोलीस रस्ते अडवून बसलेले असताना, आटपाडी तालुक्यातल्या झऱ्याजवळ गोपीचंद पडळकरांनी भल्या पहाटे माळावर गाड्या पळवून दाखवल्या. आणि म्हणून तर फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे घोडीवर मांड टाकून बारीपुढे धावले. बंदी कुणामुळे उठली यावरून शिरूर मतदारसंघात आजी-माजी खासदारांत जी जुंपली होती, तिला मात्र ना हजार मीटरची मर्यादा होती, ना जागेवर पशुवैद्य.

हजार मीटर हा नियम आहे, बरं का. २०१७ ची नियमावली जरा वाचा, डोळे पाणावतील. अंतर हजार मीटरच्या आत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. पन्नास हजार रुपये अनामत. बैलांची तपासणी. काठी नको, चाबूक नको, पिंजरी नको, विजेचा झटका नको. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे माणसांच्या सामूहिक विवाहालाही एवढी काळजी घेतल्याचं ऐकिवात नाही.

ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाचा मोकळा पट्टा, दुतर्फा माणसांची भिंत. खालच्या अंगाला हलका गाडा, त्याला चार बैल, पुढे घोडीवर एक पोरगा. माईकवरचा निवेदक बैलांची, मालकाची, मालकाच्या आजोबांची नावं एका दमात घेतो, ‘भिर्रर्र’ करतो, आणि धुळीचा एक लोट तुमच्या डोळ्यांपुढून जातो. तोंड मिटेपर्यंत सगळं संपलेलं असतं. वर काटा किती सेकंदांवर थांबला, एवढंच पुढचा तासभर बोललं जातं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येतो. ज्याच्या येत नाही त्याने शेतीवर लेख लिहू नयेत.

पण खेळ बघायचा तर निशाणाकडे बघू नये, गाडा सुटतो तिकडे बघावं. आठ-दहा माणसं चार बैलांना लगटून उभी असतात. पुढची धरायला, मागची कशाला ते गर्दीतून नीट दिसत नाही. ते नंतर दिसतं, गोठ्यात. ओळखीच्या बैलाची शेपटी हातात घ्या आणि मुळापासून खाली बोटं सरकवत न्या. मणका, मणका, मणका, आणि मग एके जागी बोट अडखळतं. तिथे हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं असतं. काही शेपट्यांना असं एक वळण सापडतं, काहींना तीन. पिरगाळल्याने होतं, चावल्याने होतं. मालकाला विचारलं तर तो म्हणतो, ‘जन्मापासूनच हाय.’ काही बैल जन्मतःच शर्यतीचे असतात म्हणतात, ते खरं असावं.

आता बक्षिसांकडे येऊ. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत आमदार महेश लांडगे यांच्या पुढाकाराने मोठी शर्यत भरली. पहिलं बक्षीस जेसीबी. खालोखाल बोलेरो, ट्रॅक्टर, पुढे मोटारसायकलींची रांग. पुढच्या वर्षी सांगली जिल्ह्यात थार आली. ‘शेतकऱ्याचा बैल वाचला पाहिजे’ असं ज्या मंडपावर लिहिलं होतं, त्याच मंडपाबाहेर फुलांचे हार घालून ट्रॅक्टर उभा. बैलाला शेतातून बाहेर कुणी काढलं? ट्रॅक्टरनेच ना? सवतीच्या हस्ते ओटी भरावी तसा हा सत्कार. बैलाला वाचता येत नाही, हे अशा वेळी सगळ्यांच्याच सोयीचं.

गंमत बाजूला ठेवली तरी हिशेब राहतोच. यात्रेत नारळ, फेटा आणि फिरती ढाल मिळत होती तेव्हा हरलेला माणूस घरी येऊन जेवायचा आणि बैलाला वैरण टाकायचा. जेसीबी ठेवला की हरण्याची किंमत वाढते. मग सेकंदाचा दहावा भाग कुठून काढायचा याची शास्त्रं तयार होतात, खुराकात बदामाबरोबर आणखी काय काय जातं ते कुजबुजत सांगितलं जातं, दोन-पाच लाखांचा बैल पंधरा-वीस लाखांना मागितला जातो, आणि एवढे पैसे गुंतवलेला माणूस नियमावलीतलं ‘काठी नको’ वाचून काठी खाली ठेवील असं जिल्हाधिकारी कार्यालयात कुणाला तरी मनापासून वाटत असतं. नियम बैलाच्या पाठीवरच्या हाताला आहे. बक्षिसाच्या रकमेला नाही. तो हात उठतो तो त्या रकमेमुळे.

शर्यतवाल्यांची बाजू मांडायची तर ती नीट मांडू. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातल्या माद्या २०१२ पेक्षा साधारण १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. ही घट काही आपोआप होत नाही. आमचा दौंड तालुका म्हणजे ऊस आणि दूध. गोठ्यात होल्स्टिनच्या गाई. तिला कालवड झाली तर पेढे. गोऱ्हा झाला तर तो आठवड्याभरात कुठे जातो ते शेजारी विचारत नाहीत आणि घरचे सांगत नाहीत. सरकारही आता कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडक रेतमात्रा अनुदानाने देतं. अशा दिवसांत कुणी खिलार गाय राखतो, तिच्या गोऱ्ह्याला चारही सडांचं दूध पाजतो, कॅनॉलला पोहायला नेतो, तो कशापायी? शर्यतीपायी. शर्यत नसती तर खिलार आज चित्रात उरला असता, हे गाडामालक म्हणतात ते खोटं नाही. शहरातल्या प्राणिमित्राच्या चहात पडणारं दूध त्या गायब झालेल्या गोऱ्ह्याच्या वाट्याचं असतं, हेही खोटं नाही.

फक्त पुढचं वाक्य ते गाळतात. एका यात्रेत दोनशे गाडे धरा. चार बैलांप्रमाणे आठशे. घाटाचा राजा एकच. राहिलेल्या सातशे शहाण्णवांतल्या शंभरेकांचं पुढच्या यात्रेत जमेल, शंभरेकांचं त्यापुढच्या. राहिलेले?

त्यांना भेटायचं असेल तर शनिवारी काष्टीला जा. दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा तालुका, आणि तिथे हा बैलबाजार. मोठा नावाजलेला. मागे एका शनिवारी लिंबाच्या झाडाखाली एक कोसा खिलार उभा होता. शिंगं साळून तासलेली, टोकांना पितळी शेंब्या, कपाळाच्या केसांत न निघालेला गुलाल. अंगावर अजून तकाकी होती. गिऱ्हाइकाने त्याचा जबडा उघडून दात पाहिले, जुळला होता. मग गिऱ्हाइकाचा हात शेपटीवरून खाली गेला, मध्येच थांबला, आणि त्याने मालकाकडे बघून मान हलवली. दोघांचे हात उपरण्याखाली गेले. बोटांनी भाव फिरला. मालकाच्या मोबाइलवर मागच्या पानावर त्याच बैलाचा फोटो होता, फेटा बांधलेल्या पंधरा माणसांसकट. ‘सेकंद लागायला लागले हो,’ तो म्हणाला. म्हणजे बैल अर्ध्या सेकंदाने हळू झाला होता. तेवढ्यावर दावं बदललं.

घेणारा कोण असतो? कुणी शेतीला घेतो, कुणी ऊस ओढायला घेतो, आणि कुणी काहीच न सांगता घेतो, रोखीने. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तल करता येत नाही. आता कायदा झाला म्हणजे म्हातारे बैल तर गावोगाव दिसायला हवेत ना? आपल्या गावात मोजून बघा. मी बसतो तोवर.

अहो, एक राहिलं. सध्याच्या एका नामांकित बैलाचं नाव बकासुर आहे. महाभारतातला बकासुर गाडाभर अन्न खायचा, वर गाडा ओढणारी जनावरं खायचा आणि शेवटी हाकणारा माणूसही खायचा. नाव ठेवणाऱ्याने कथा वाचली होती की नाही कोण जाणे, पण या धंद्याचं वर्णन याहून नेमकं करता आलं नसतं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, नाहीतर प्राणिमित्र खूश होतील.

दयाळू माणसं यात्रेला कॅमेरा घेऊन येतात. यायलाच हवं. पण त्यांची दया लाऊडस्पीकरचा आवाज जिथवर जातो तिथवरच पोचते, असा आमचा अनुभव. पाटस हे कारखान्याचं गाव. आणि साखर पट्टा तर इथून सोलापूर, सांगली, कोल्हापूरपर्यंत पसरलेला. गळीत हंगामात रात्री-अपरात्री रस्त्याने टायरगाड्यांची रांग लागते. बीड-अहिल्यानगरकडून आलेलं कुटुंब, मुकादमाची उचल, आणि बैलही बऱ्याचदा त्याच उचलीतून घेतलेले, म्हणजे बैल आणि माणूस दोघेही एकाच खात्यावर नावे. मोळ्या गाडीच्या वर दोन पुरुष उंच. चढ आला की बैल गुडघ्यावर येतात. काट्यावर बारा-बारा तास नंबर. खांद्यावरचं जू उचललं तर खाली कातड्याचा रंग दिसत नाही, ओल्या लाल मांसाचा पट्टा दिसतो, त्यावर माशा, आणि माशांवर हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी याच खांद्याला आपण तूप-हळद चोळतो, त्या खांदेमळणीवर पेपरात दरवर्षी फोटोसकट मजकूर येतो.

याला कायदा नाही असं नाही. ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्राचे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको. विसाव्याशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. अणकुचीदार पराणी नको. गाडीवर किती वजन, याचेही आकडे ठरलेले. साठ वर्षं झाली. मार्चमध्ये दुपारी एक वाजता, डांबर पायाला चिकटत असताना, उसाची गाडी अडवून ‘पारा किती आहे हो?’ असं विचारणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. यावर घटनापीठ बसलं नाही. खासदार घोडीवर बसला नाही. सांगली-सोलापूरकडे ‘ॲनिमल राहत’सारखी मंडळी कारखान्यांच्या तळावर जाऊन बैलांचे खांदे बघतात, खूर बघतात, त्यांच्यावर सदरं लिहिली जात नाहीत, त्यांच्याकडे बघायला गर्दीच नसते.

म्हणजे आपली नीती अशी: बैलाला बारा सेकंद मजेसाठी पळवलं तर क्रौर्य, आणि बारा तास साखरेसाठी ओढायला लावलं तर हंगाम. शर्यतवाला हे बरोबर हेरतो आणि विचारतो, ‘तिकडं जाऊन बोला की!’ त्याचं विचारणं रास्त आहे. पण ते उत्तर नव्हे. कारखान्याच्या रस्त्यावर बैलाचे हाल होतात म्हणून घाटात त्याची शेपटी चावायला परवाना मिळतो, हे तर्कशास्त्र कुठल्या शाळेत शिकवतात? मजेत एक गोष्ट जास्तीची असते. गाडीवानाला ऊस पोचवायचा असतो, त्याच्या पोटात भूक असते. घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या पोटात वडापाव असतो.

घोड्यांचंही विचारतात. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात घोडे पळतात, तिथे चाबूक चालतो, कोट-टोपी घातलेली माणसं टाळ्या वाजवतात. घोड्यावर पैसे लावणं हे कौशल्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आणि सरकार त्यावर जीएसटी घेतं. बैलावर पैसे लावले तर जुगार आणि हवालदार. आता यात प्राण्याचा संबंध कुठे आला? हा कोट आणि फेट्यातला फरक आहे. गाडामालक चिडतात ते यावर, आणि चिडू देत.

परदेशात काय चाललंय म्हणाल, तर तिथेही हीच वाक्यं, फक्त स्पॅनिशमध्ये. रिंगणातल्या बैलाला भाले टोचून, पाठीत काटेरी काड्या खोचून शेवटी तलवारीने मारायचं, आणि विचारलं तर म्हणायचं, परंपरा आहे. हा खेळ नसता तर ही जातच उरली नसती. कॅटलोनियाने २०१० मध्ये बंदीचा कायदा केला. २०१६ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला, कारण हा देशाचा सांस्कृतिक वारसा. कोलंबियाने मात्र २०२४ मध्ये बंदीचा कायदा करून टाकला, अंमल २०२७ पासून. आपल्या गोव्यात धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, १९९६ मध्ये उच्च न्यायालयाची बंदी आली. धिरयो अजूनही होतात, पहाटे, शेतात, मोबाइलवर निरोप जातो. २०२५ मध्ये तिथल्या आमदारांनी ते कायदेशीर करा म्हणून विधानसभेत मागणीही केली. लोक तसंही बघतातच, मग रीतसर बघू द्या, असा एकूण सूर. या न्यायाने बऱ्याच गोष्टी रीतसर करता येतील.

स्पेनचा बैल निदान एक गोष्ट पुढच्यापुढे उरकतो. त्याचा शेवट तिकीट काढलेल्यांना बघावा लागतो. आपण कोवळ्या मनाचे. आपल्याला फक्त पळताना बघायचा असतो.

पळणं, चढणं, ओढणं यातलं काहीच मुळात वाईट नाही, हे मी पाटसचा म्हणून सांगू शकतो. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसला येते आणि पुढे रोटी घाट चढून उंडवडीकडे जाते. चढ चांगला दमवणारा आहे. रथाच्या बैलांना तो एकट्याने झेपत नाही म्हणून आजूबाजूचे शेतकरी आपल्या जोड्या आणून पुढे जुंपतात. एकापुढे एक जोड्या, दोन्ही बाजूंना माणसं, टाळ, गर्दी, आरोळ्या, सगळं घाटासारखंच. बैल तिथेही दमतात, कासरा तिथेही ताणला जातो. मी त्याला देवत्व चिकटवत नाही. पण वर पोचल्यावर कुणी घड्याळ बघत नाही. मागच्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त लागले म्हणून कुणाची जोडी काष्टीला गेल्याचं ऐकलेलं नाही. ज्याची जोडी रथाला लागली तो ते वर्षभर सांगतो, आणि बक्षीस म्हणून त्याला नारळ मिळतो.

हे सगळं एका गाडामालकाला टोलनाक्याजवळच्या हॉटेलात ऐकवलं. भला माणूस. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘सर, आमचा बैल आमच्या पोरापेक्षा जास्त खातो.’

‘खातो ना. पण पोरगं बारावीला नापास झालं म्हणून तुम्ही त्याला बाजारात नाही नेलं.’

‘नेलं असतं,’ तो म्हणाला. ‘घेणार कोण?’

मग मी माझी योजना सांगितली. शर्यती भरवा. बंदी नको, बंदीने फक्त वेळ बदलते, दुपारची पहाट होते. बक्षीसही लाखांचंच ठेवा. फक्त ते एकदम द्यायचं नाही. हप्त्याने द्यायचं, दर पोळ्याला. पशुवैद्याने गोठ्यात यायचं, कानातला बिल्ला बघायचा, शेपटीवरून हात फिरवायचा, आणि बैल त्याच दावणीला, धडधाकट उभा असेल तर त्या वर्षाचा हप्ता हातात. बैल विकला, हप्ता बंद. शेपटीत नवी गाठ, हप्ता बंद. बैल म्हातारा होऊन बसला तरी चालू, तो मरेपर्यंत चालू. आणि जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा शेवटून पहिल्या आलेल्या पन्नास बैलांच्या वैरणीला.

त्याने बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. खिलार किती वर्षं जगतो, ते मोजत असावा.

‘म्हणजे जिंकल्यावर पंधरा वर्षं सांभाळायचा?’

‘हो.’

‘आणि हरलेल्यालाबी द्यायचं?’

‘वैरणीपुरतं.’

‘जेसीबी नाय?’

‘जेसीबी नाही.’

‘मग सर, मला एक सांगा,’ कप खाली ठेवत तो म्हणाला, ‘हायवेला फ्लेक्स लावायचा, त्यावर फोटो कशाचा टाकायचा? कडब्याच्या पेंढीचा?’